बाबा मालवणचे, बाजार कानाझावाचा

प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरच्या मध्यावर आई-बाबांना घेऊन दहा दिवस जपानला येताय. बाबा मूळचे मालवणचे, मासळी बाजार बघितल्याशिवाय परत येणार नाही म्हणतात. आई कच्चं काही तोंडात घालणार नाही. टोकियोचा मोठा बाजार बघावा की दुसरीकडे जावं, मासे विकत घेऊन स्वतः रांधता येतील का, आणि भाषा येत नसताना कुणी टोपी तर घालणार नाही ना?

मी सतरा वर्षं कानाझावा या किनाऱ्याजवळच्या जपानी शहरात आहे, त्यातली अकरा एका छोट्या खाणावळीचं स्वयंपाकघर सांभाळतेय. आठवड्यातले चार दिवस सकाळी ओमिचो बाजारात असते. मूळची रत्नागिरीची, त्यामुळे मासे ओळखायला शिकले ते मिरकरवाड्याच्या बंदरावर, आजीचा पदर धरून. म्हणजे उत्तर ओमिचोकडे झुकणार, हे आधीच सांगून टाकते.

आधी टोकियोचं. त्सुकिजीत पहाटे ट्यूनाचा लिलाव बघायचा, असं अजून पुष्कळ जण सांगतात. 1935 पासूनचा तो घाऊक बाजार ऑक्टोबर 2018 मध्ये तोयोसूला हलला. त्सुकिजीत उरला तो बाहेरचा बाजार: किरकोळ दुकानं, सुशीच्या खानावळी, चाकूंची दुकानं आणि पर्यटकांची ही गर्दी. वाईट नाही, पण तिथला निम्मा माल उभ्या उभ्या खाण्यासाठी काड्यांना टोचलेला असतो.

तोयोसूचा लिलाव पहाटे साडेपाचच्या सुमाराला सुरू होतो. वरच्या मजल्यावरून काचेआडून कुणालाही बघता येतो. खाली जवळ उभं राहायचं तर आधी अर्ज करून सोडतीत नाव लागावं लागतं. बघण्यासारखं आहे, यात वाद नाही. मोठाले कुपे, म्हणजे ट्यूना, ओळीने मांडलेले, प्रत्येकाची शेपूट कापलेली. व्यापारी हातात टॉर्च आणि आकडा घेऊन फिरतात, शेपटीच्या कापावर उजेड पाडतात, चिमूटभर मांस बोटांत चोळून चरबी किती ते बघतात. मग घंटा वाजते, लिलाव पुकारणारा मंत्र म्हटल्यासारखा सुरू होतो, आणि घेणारे तोंडातून शब्द न काढता बोटांच्या खुणांनी भाव सांगतात. जानेवारी 2019 मध्ये वर्षाच्या पहिल्या लिलावात इथेच 278 किलोचा एक मासा 33 कोटी 36 लाख येनला गेला होता. पण त्या आधी तुम्हाला पहाटे चारला उठून म्हाताऱ्या माणसांना थंडीत बाहेर काढावं लागेल, आणि एवढं करून बाबांच्या हाती काय लागेल? काच. ज्या माणसाने किनाऱ्यावर होडीतून उतरलेल्या मासळीचा लिलाव हातभर अंतरावरून बघितलाय, त्याला तोयोसू विमानतळासारखं वाटेल. माझ्या काकांना तसंच वाटलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "सगळं झ्याक आहे गो, पण वास कुठे आहे?"

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. बाजार बघायला जाऊ नका, बाजार करायला जा. चूल असलेली खोली घ्या आणि दोन दिवस शिजवून खा. त्यासाठी टोकियोपेक्षा एखादं किनाऱ्याजवळचं मध्यम शहर बरं. तुमच्या तारखांना कानाझावा अगदी जुळतं: शिनकानसेन या बुलेट ट्रेनने टोकियोहून अडीच-तीन तास, स्टेशनपासून बाजार पंधरा मिनिटं पायी, आणि 6 नोव्हेंबरला इथला खेकड्यांचा हंगाम सुरू होतो.

ओमिचोचा शेवटचा सूर खरा तर लांब, पण इथली माणसं तो तोडून आखूडच "ओमिचो" म्हणतात. तीनशे वर्षांचा बाजार, पूर्वी इथून माएदा सरदारांच्या किल्ल्यात मासळी जायची. आज एकशे सत्तरच्या आसपास दुकानं आहेत, वर छप्पर, खाली ओल्या गल्ल्या. भाजी, फळं, चहा, लोणची सगळं मिळतं, पण नाक तुम्हाला मासळीकडेच नेतं. इथे वास आहे, काकांची तक्रार राहिली नसती.

वेळ नऊच्या सुमाराची धरा. पहाटे येऊन काही मिळत नाही, कारण हा किरकोळ बाजार आहे. साडेदहानंतर खानावळींपुढे रांगा लागतात आणि गल्लीत हलायला जागा उरत नाही. दुपारी तीननंतर पुन्हा जा. उरलेला माल काढायची घाई असते, त्यामुळे सकाळचा भाव बराच खाली येतो. रविवारी आणि काही बुधवारी शहराचा घाऊक बाजार बंद असतो; त्या दिवशी दुकानं उघडी दिसली तरी फळीवर कालचं असण्याची शक्यता जास्त. मी त्या दिवशी खाणावळीत मटण लावते.

आता घासाघीस. करू नका. ती इथे चालत नाही, आणि दुकानदाराला राग येत नाही तर लाज वाटते, ते जास्त वाईट. पण आपल्याकडे कोळीण वाट्यावर वरून दोन कोळंब्या टाकते ना, तशी पद्धत इथेही आहे, तिला "ओमाके" म्हणतात. ती मागायची नसते, ती होते. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात गेलात तर बहुतेक वेळा होतेच. आणि "वाटा" हा प्रकारही इथे आहे. ताटलीत ढीग करून ठेवलेली मासळी "हितोयामा" म्हणून विकतात, म्हणजे "एक डोंगर". बाबांना हा शब्द सांगून ठेवा, खूश होतील.

मासळीला हात लावायचा नाही. हे आपल्या माणसांना सगळ्यात जड जातं, बोटाने दाबून बघितल्याशिवाय आपला विश्वास बसत नाही. डोळे वापरा. बुबुळ काळं आणि फुगीर आहे का, अंगावर ओली चकाकी आहे का, मासा ताटात ताठ पडलाय की फळीच्या कडेवरून लुळा लोंबतोय. कल्ले बघायचेच असतील तर विक्रेत्याला खूण करा, तो स्वतः उघडून दाखवतो. बाबा असं करतील तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघा; कल्ले बघणारं गिऱ्हाईक पर्यटक नव्हे हे त्याला लगेच कळतं आणि तो आतून दुसरा मासा काढतो.

फसवणुकीचं विचारलंत. भावात कुणी फसवणार नाही, पाटीवर असेल तेवढेच पैसे. आपण फसतो ते पाटी न वाचल्यामुळे. फोनवर भाषांतर करणारं अॅप घ्या आणि पाटीवर पाच शब्द शोधा. "तेन्नेन" म्हणजे समुद्रातला, "योशोकु" म्हणजे पाळलेला. "काइतो" म्हणजे गोठवलेला होता, आता वितळवलाय. हे लिहिणं विक्रेत्याला बंधनकारक आहे, त्यामुळे ताज्या दिसणाऱ्या कोळंबीवरही ते बारीक अक्षरात असतं. "सेइशोकुयो" म्हणजे कच्चा खाण्याजोगा, आणि "कानेत्सुयो" म्हणजे शिजवूनच खायचा. शिवाय कुठल्या समुद्रातला किंवा कुठल्या देशातला, तेही लिहिलेलं असतं. कानाझावाच्या बाजारात नॉर्वेचा सामन आणि रशियाचा खेकडाही असतो. त्यात लपवाछपवी नाही, पण पाटी न वाचता "इथलं स्पेशल" म्हणून तो घेऊन गेलेले पाहुणे मी बघितलेत.

कालवांच्या बाबतीत तर मीच चुकले होते. "कानेत्सुयो" म्हणजे शिळं आणि "सेइशोकुयो" म्हणजे ताजं असं धरून सुरुवातीची दोन वर्षं महागाची कच्ची खायची कालवं आणून कालवण करत होते. शेवटी ज्याच्याकडून घ्यायची त्याच दुकानदाराने विचारलं, यांचं करता काय? मग समजावलं. फरक ताजेपणाचा नाहीच. कच्ची खायची कालवं ठरावीक स्वच्छ पाण्यातली असतात किंवा काही काळ निर्जंतुक समुद्राच्या पाण्यात ठेवून साफ केलेली असतात. शिजवायची कालवं नदीच्या मुखाजवळच्या भरपूर खाद्य असलेल्या पाण्यात वाढतात, म्हणून बहुधा जास्त भरलेली आणि चवीची असतात. आईंसाठी तीच घ्या, फक्त पूर्ण शिजवा. अर्धकच्ची ठेवलीत तर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस आहेच.

आता तुमच्या ओळखीचं काय सापडेल ते. सुरमई म्हणून विचारू नका, "सावारा" शोधा. एकाच कुळातला, अंगावर ठिपके, मांस जरा मऊ. तळताना तुकडी मोडते, जाड कापून घ्या. पापलेटाचा भाऊबंद "मानागात्सुओ", तो पश्चिम जपानकडे जास्त, इथे नशिबाने मिळतो. "साबा" म्हणजे बांगड्याचा मोठा, तेलकट चुलत भाऊ. तिखल्याला उत्तम, पण तेल कमी घाला. "किसु" म्हणजे मुडदुशी, डोळे मिटून घ्या, रवा लावून तळा. "इवाशी" तारलीच्या जातीतला, "ताचिउओ" म्हणजे वाकटी, "इका" म्हणजे म्हाकूळ, "आसारी" म्हणजे साधारण आपल्या तिसऱ्या. ओला बोंबील मला सतरा वर्षांत कधी दिसला नाही. रडू नका.

आणि एक गोष्ट खास इथली: "गासुएबी" नावाची करडी-तपकिरी, दिसायला सामान्य कोळंबी. काढल्यावर लवकर काळी पडते, लांबचा प्रवास सोसत नाही, म्हणून टोकियोत सहसा पोचत नाही. शेजारी गुलाबी, देखणी अमाएबी असते आणि लोक तिच्याकडेच बघतात. तुम्ही करडी घ्या. सालासकट मीठ लावून भाजली तर डोकंही कुरकुरीत खाता येतं.

साफ करून घेण्याचं नीट वाचा, कारण इथेच आपलं कालवण बिघडतं. बहुतेक दुकानं विकत घेतलेला मासा फुकट किंवा थोड्या पैशांत साफ करून देतात. पहिल्या वर्षी मी एक सुंदर ताय, म्हणजे लाल समुद्री मासा, घेतला. विक्रेत्याने विचारलं, "सान्माइ ओरोशी?" मी मान डोलावली. पाच मिनिटांत त्याने दोन स्वच्छ, काटा नसलेल्या फाकी हातात दिल्या. डोकं, मधला काटा, पोटाची कड सगळं गायब. घरी नारळाचं दूध, तिखट, सगळं घालून कालवण केलं आणि चव लागली गरम पाण्याची. आपल्या रश्शाचा जीव मुंडक्यात आणि काट्यात असतो, आणि मी तोच दुकानात सोडून आले होते.

तर तुम्ही म्हणायचं "बुत्सुगिरी", म्हणजे काट्यासकट आडव्या तुकड्या. किंवा त्याहून सोपं, "नित्सुके" म्हणा. नित्सुके म्हणजे सोया सॉस, साके आणि साखरेत मासा शिजवायचा जपानी प्रकार. तुम्ही कालवण करणार हे समजावण्यापेक्षा नित्सुके म्हटलं की तो बरोबर हवा तसा कापतो, डोकं मधोमध चिरून देतो. आणि फाकी करून विकणाऱ्या दुकानांत कोपऱ्यात "आरा" लिहिलेली पाकिटं बघा. मुंडकी, काटे, कल्ल्यामागचं मांस, पोटाच्या कडा. बुरी या थंडीतल्या माशाचा आरा तर कितीतरी वेळा अख्ख्या माशाच्या मानाने कवडीमोलाने मिळतो. त्यावर आधी मीठ टाकून वीस मिनिटं ठेवा, उकळतं पाणी ओता, गार पाण्यात रक्ताच्या गुठळ्या बोटाने काढा, आणि मगच रश्शात सोडा. माझ्या खाणावळीत गुरुवारचं कालवण याच पाकिटांवर चालतं.

बुरी हा थंडीतला इथला मानाचा मासा. वाढतो तसं नाव बदलतो: इथे आधी कोझोकुरा, मग फुकुरागी, मग गान्दो आणि पूर्ण वाढला की बुरी. ओसाकात याच माशाच्या पायऱ्यांना वेगळी नावं आहेत, म्हणून पुस्तकातली नावं घोकून येऊ नका. नोव्हेंबरअखेरीस इथे समुद्रावर गडगडाट सुरू होतो, त्याला "बुरी ओकोशी", बुरीला जागं करणारी वीज, म्हणतात. जुन्या घरांत लग्नानंतरच्या पहिल्या वर्षअखेरीला मुलीचे आई-वडील तिच्या सासरी अख्खा बुरी पाठवतात. दिवाळसणाचा खर्च आठवला ना? तोच प्रकार, फक्त दहा किलोचा आणि खवल्यांसकट. तुमच्या तारखांना पूर्ण बुरी अजून आलेला नसेल, फुकुरागी मिळेल, स्वस्त आणि हलका. तळायला तोच चांगला.

खेकड्यांवर मात्र पैसे काढून ठेवा. नराला इथे "कानोगानी" म्हणतात, पायाला निळी पट्टी असेल तर तो इशिकावाच्या, म्हणजे कानाझावा ज्या प्रांतात आहे त्याच्या, बंदरातला. शेजारच्या फुकुइची पट्टी पिवळी असते. नर महाग, एकेक हजारो येनला. मी तुम्हाला मादी घ्यायला सांगेन, तिचं नाव "कोबाको". तळहाताएवढी, पण कवच उघडलं की आत नारिंगी गाभोळी आणि पोटाखाली बारीक दाण्यांची दुसरी. आजकाल तीही स्वस्त राहिली नाही. माझ्या शेजारच्या आजी सांगतात, आमच्या लहानपणी शाळेतून आल्यावर ही खाऊ म्हणून असायची. मादीचा हंगाम डिसेंबरच्या शेवटी संपतो, नराचा मार्चपर्यंत. उकडलेलीच घ्या, बाजारात समुद्राएवढ्या खारट पाण्यात उकडून ठेवलेली असते, आईंनाही चालेल. खेकड्याचा आपल्या चिंबोरीसारखा तिखट रस्सा करायचा मोह होईल. मी एकदा केला. पैसे गेले, खेकड्याची चवही गेली. कोबाको नुसती खा.

गाभोळीवरून आठवलं. लोणच्यांच्या दुकानात फुगूची, म्हणजे त्या विषारी माशाची, गाभोळी विकायला असते. थट्टा नाही. तिच्यात माणूस मारणारं विष असतं, पण या भागात ती वर्षभर आणि जास्तही मिठात, मग पुन्हा तांदळाच्या कोंड्यात मुरवतात, असं दोन-तीन वर्षं. विष तपासून मगच विक्रीला येते. चव आपल्या खाऱ्या सुक्यासारखी, पेजेबरोबर चिमूटभर. बाबांना दाखवा, खायची की नाही त्यांचं ते ठरवतील.

बाबा कच्चं खाणार असतील तर साबा आणि इकामधल्या आनिसाकिस नावाच्या जंतांची माहिती असू द्या. वसाबी किंवा व्हिनेगरने ते मरत नाहीत. उणे 20 अंशांवर चोवीस तास गोठवल्याने किंवा नीट शिजवल्याने मरतात. चांगल्या खानावळीत खाल्लं तर फार काळजी नको, पण बाजारातून साबा आणून खोलीवर "साशिमी करून बघू" हा प्रयोग नको.

आईंसाठी बाजारातच भाजलेले शिंपले, खेकड्याचं मिसो सूप, अमाएबी घातलेले कटलेटसारखे कोरोक्के मिळतात. दोज्यो नावाचा छोटा गोड्या पाण्यातला मासा काडीला लावून गोडसर सॉसमध्ये भाजतात, तो इथला जुना खाऊ. जिथे घ्याल तिथेच उभं राहून खा, चालत चालत खाणं इथे बरं दिसत नाही, आणि काडी-कागद त्याच दुकानात परत द्या, रस्त्यात कचरापेटी शोधून सापडणार नाही.

स्वयंपाकाचं सामान: मालवणी मसाला दुकानातल्या बंद पाकिटातला आणा, घरचा डब्यात भरून आणलात तर विमानतळावर समजावत बसावं लागेल. नारळाचं दूध डब्यात कुठल्याही सुपरमार्केटला मिळतं. आंबटासाठी टोमॅटो किंवा लिंबू चालवून घ्या. खोलीतल्या गॅसखाली एक खण असतो, तो सामान ठेवायचा नाही, मासे भाजायची शेगडी आहे ती. काही शेगड्यांत खालच्या तबकात आधी पाणी घालावं लागतं. माझ्याकडे आलेल्या एका पाहुण्याने ते न घालता दोन साबा भाजले, चरबी पेटली, धूर झाला आणि इमारतीची घंटा वाजली. पाणी किती घालायचं ते तबकावर रेघ मारून दाखवलेलं असतं. तळण करताना पंखा आधी लावा, मासे नंतर.

कानाझावा जमणार नसेल तर: उत्तरेला हाचिनोहेत मार्चच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत दर रविवारी धक्क्यावर तीनशेच्या आसपास ठेले लागतात, उजाडायच्या आत सुरू आणि नऊला संपलं. शिमोनोसेकीच्या कारातो बाजारात शुक्रवार ते रविवार मासेवालेच सुशी विकतात. ओसाकाचा कुरोमोन सोडा, तिथले भाव आता पाहुण्यांसाठीच आहेत.

याच प्रांतातल्या वाजिमाचा सकाळचा बाजारही पूर्वी सांगायचे. 1 जानेवारी 2024 च्या भूकंपात लागलेल्या आगीत ती पेठ जळाली, आणि किनारा वर उचलला गेल्याने बंदरात होड्या अडकून पडल्या. तिथल्या विक्रेत्या बहुतेक बायका, नवऱ्याला पोसण्याची धमक असलेल्या म्हणून प्रसिद्ध, आपल्या कोळणींशी चटकन जमेल अशा. नंतर त्या जागोजागी पाल ठोकून बाजार भरवू लागल्या, कानाझावाच्या कानाइवा बंदरावरही बसल्या. तुमच्या आठवड्यात कुठे बसणार आहेत ते स्टेशनवरच्या पर्यटक खिडकीत विचारा. त्यांच्याकडची सुकी मासळी परत नेण्यासारखी असते, आणि बाबांनी मालवणीत भाव विचारला तरी त्या उत्तर देतील.